अल्कोहोलची वाफ आणि कंपोस्टचा थर

नेदरलँड्समध्ये मी ज्या कारखान्यात काम करते, तिथे प्लास्टिकच्या वेष्टनांवर छपाई होते. शाई पातळ ठेवायला इथेनॉल हे अल्कोहोल लागतं, आणि शाई वाळली की ते सगळं हवेत जातं. ही हवा तशीच बाहेर सोडली तर उन्हात ती वाफ नायट्रोजनच्या ऑक्साइडांबरोबर मिळून जमिनीलगत ओझोन तयार करते. म्हणून ड्रायरमधून ओढलेली हवा आधी इमारतीमागच्या बायोफिल्टरमध्ये जाते. इथल्या कामात मला सगळ्यात जीव लावणारी गोष्ट कोणती असेल तर ती हीच.

दिसायला ती एक झाकलेली मोठी टाकी आहे. आत जाळीवर कंपोस्ट आणि लाकडाच्या ढलप्यांचा मीटरभर जाडीचा थर. प्रत्येक ढलपीवर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो आणि त्यात जिवाणू वाढलेले असतात. हवेला या थरातून पार व्हायला अर्धा ते एक मिनिट लागतं. तेवढ्यात वाफ पाण्यात विरघळते, जिवाणू ती खातात आणि उरतो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. हेच काम जाळून करायचं तर हवा ७०० अंशांच्या वर तापवावी लागते, आणि वाफ इतकी विरळ असते की बहुतेक इंधन नुसती हवा तापवण्यातच जातं.

अल्कोहोल पाण्यात कितीही मिसळतं, त्यामुळे ते हवेतून पाण्यात चटकन उतरतं. हेक्झेनसारख्या पाण्याशी फटकून वागणाऱ्या वाफांसाठी हीच टाकी फार कमी उपयोगाची. आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात संशोधक ओटेनग्राफ यांनी १९८३ साली या प्रक्रियेचं गणित मांडलं. थर किती जाड हवा, किती भार, म्हणजे ठरावीक वेळात येणारी किती वाफ, झेपेल, हे अंदाजावर न सोडता मोजता येऊ लागलं ते अशा कामामुळे.

पण अल्कोहोल पकडायला सोपं आहे म्हणून फिल्टर सांभाळायलाही सोपा, असं मुळीच नाही. पहिला शत्रू कोरडेपणा. इथेनॉल खाताना जिवाणू उष्णता सोडतात. १ ग्रॅम इथेनॉलचं पूर्ण ऑक्सिडेशन झालं तर दहाएक ग्रॅम पाण्याची वाफ होईल एवढी उष्णता निघते, आणि त्यातून नवं पाणी बनतं जेमतेम १.२ ग्रॅम. म्हणजे जिवाणू जितक्या जोमात, तितका थर लवकर सुकतो. म्हणूनच आत येणारी हवा आधी पाण्याच्या फवाऱ्यातून ओली करून घेतात. आमच्याकडे हवा वरून खाली जाते, कारण सगळ्यात जास्त भार वरच्या थरावर पडतो आणि पाणीही तिथेच शिंपडता येतं. मीटर आहेतच, पण मी मूठभर कंपोस्ट घेऊन दाबून बघते. बोटांमधून एखाददुसरा थेंब आला की ठीक. धार लागली तर हवेच्या वाटा बुजल्या आहेत, आणि मूठ उघडताच भुगा झाला तर थराला कुठेतरी भेग पडून हवा न शुद्ध होताच निसटते आहे.

दुसरा शत्रू आंबटपणा. भार झेपेनासा झाला की जिवाणू काम अर्धवट सोडतात. इथेनॉलचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, मग अ‍ॅसेटिक आम्ल, आणि साखळी तिथेच अडकते. टाकीचं झाकण उघडताच व्हिनेगरचा वास येतो. सामू घसरला की जिवाणू आणखी मंदावतात, आम्ल आणखी साचतं. यावर उतारा म्हणून थरात चुनखडीचा चुरा मिसळलेला असतो, पण तो आम्लाला आवर घालतो, भार कमी करत नाही. अशा वेळी छपाईचा वेग उतरवावा, असं मी आग्रहाने सांगते. दर वेळी ऐकलं जातंच असं नाही.

शनिवार-रविवार यंत्रं बंद असतात तेव्हा जिवाणूंना खायला काही नसतं. तरी पंखा मंद चालू ठेवावा लागतो, कारण त्यांना ऑक्सिजन हवाच. सोमवारी एकदम पूर्ण भार टाकला तर सुरुवातीचे काही तास वाफ जास्त निसटते. म्हणून यंत्रं एकेक करून सुरू केलेली बरी.

काही वर्षांनी कंपोस्ट कुजून दबतं आणि हवेला जोर लागायला लागतो, मग थर बदलावा लागतो. नव्या थराला अल्कोहोलची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून जुन्यातला थोडा भाग राखून त्यात कालवतात.