डावा पुढचा

शनिवारी सकाळी खारी टेकडीवरून परत आली ती तीन पायांवर. चौथा पाय तिनं, पोट भरलेल्या पाहुण्यानं 'आता नको हो' म्हणत ताटावर हात धरावा, तसा हवेत आडवा धरला होता.

"काय झालं हिला?"

"काही नाही," भिंतीला हात टेकत, एक-एक बूट काढत अप्पा म्हणाले. "टेकडीवर ठीक होती. म्हणजे, माझं लक्ष होतं तोवर ठीक होती."

खारी ही आमची गावठी कुत्री. हल्ली 'इंडी' म्हणायचं असतं, पण अप्पांना ते एखाद्या मोटारीचं नाव वाटतं. पाच वर्षांपूर्वी कोथरूडमधल्या एका बेकरीच्या पायरीवर सापडली, रंगही नेमका खारीचा, त्यामुळे बारशाचा प्रश्न आला नाही. स्वभावानंही खारीच आहे. वरून कडक, पण जरा धक्का लागला की भुगा.

मी तिला मांडीशी घेतलं आणि पाय मागितला. तिनं उजवा दिला. मी म्हटलं, तो नाही, दुसरा. तिनं पुन्हा उजवाच दिला, जरा जास्त प्रेमानं. 'शेकहँड' शिकवलं तेव्हापासून हा पाय ती कुणालाही देते, दूधवाल्यालासुद्धा. डावा मात्र पोटाखाली दुमडून ठेवलेला. शेवटी चीजचा तुकडा दाखवून तो बाहेर काढला आणि टॉर्च लावून बघायला बसले.

कुत्र्याचा पंजा रोज डोळ्यांसमोर असतो, पण नीट निरखून बघायची वेळ अशीच येते. चार बोटांच्या चार गाद्या, मध्ये बदामाच्या आकाराची मोठी गादी, आणि वर आतल्या अंगाला जमिनीला न टेकणारं अंगठ्याचं नख. आपल्यासारखा घाम कुत्र्याला येतो तो या गाद्यांनाच, बाकी अंगाला नाही. जवळून वास घेतला तर ओल्या कुरमुऱ्यांसारखा येतो. (मी घेते. कुत्रं पाळणारे सगळेच घेतात, कबूल कुणी करत नाही.) काच नव्हती, काटा नव्हता, नख तुटलेलं नव्हतं, गादी चिरलेली नव्हती. तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या बेचक्यात केस जरा ओले वाटले, एवढंच. ते चाटून ओले झाले असतील म्हणून मी टॉर्च बंद केला. तिथंच चुकलं.

सोसायटीत कुत्रं लंगडायला लागलं की पहिल्या तासात चार निदानं होतात. तळमजल्यावरच्या काकूंनी दृष्ट काढायला सांगितली, "मीठमोहऱ्या ओवाळ, बाकी काही करू नकोस." वॉचमनकाका म्हणाले, हळद-तेल गरम करून लावा. एका उत्साही शेजाऱ्यानं स्वतःच्या कंबरदुखीच्या गोळीची अर्धी पट्टी आणून दिली. ती मी घेतली आणि कपाटात टाकली, हे त्या दिवसातलं माझं एकमेव शहाणपण. आपल्या दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याला चालत नाहीत. आयबुप्रोफेननं त्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडं बिघडतात, आणि आपण येताजाता घेतो ते पॅरासिटामॉल त्याच्या यकृताला भारी पडतं.

दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "नाटकं करतीय. आत्ता तुमच्या फ्रिजचं दार वाजलं तेव्हा चारही पायांवर धावली, मी पाहिलं."

यावर अप्पा शांतपणे म्हणाले, "तुम्हीसुद्धा पाय दुखतोय म्हणून गणपतीच्या आरतीला आला नव्हतात. प्रसादाला आलात."

अप्पांचा स्वतःचा विश्वास फक्त नोंदींवर. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसात काढली. बाहेरगावचा माणूस विचारतो, पुण्यात सिमला कुठून आलं? 1928 साली हवामान खात्याचं मुख्य कार्यालय शिमल्याहून पुण्यात आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, पण पुणेकरांच्या आणि पीएमटीच्या तोंडात नाव बसलं ते बसलंच. तर रोज सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला निरीक्षण ही त्यांची खात्यातली सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. आमच्या गच्चीवर प्लास्टिकचा पर्जन्यमापक आहे आणि त्याच्यासाठी वेगळी डायरी. त्या डायरीच्या मागच्या पानावर शनिवारपासून खारी आली:

'शनि. 8.30. डावा पुढचा. टेकवते, भार टाकत नाही. भूक उत्तम. शेपूट सामान्य.'

'5.30. डावा पुढचा. जिना उतरताना जास्त. चाटणे अधूनमधून जोरदार. शेपूट मंद.'

'रवि. 8.30. चालताना डावा टेकला की मान वर. उजवा टेकला की मान खाली.'

ही शेवटची नोंद वाचून पुढे डॉक्टर खूश झाले. पुढचा पाय दुखत असला की कुत्रं तो टेकताना मान उचलतं, म्हणजे डोक्याचं वजन तेवढं त्या पायावरून निघतं, आणि चांगला पाय टेकला की मान परत खाली येते. कुठला पाय दुखतोय हे कळत नसेल तर पायाकडे बघूच नये, मानेकडे बघावं. एरवीही कुत्र्याचा साधारण 60 टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो, त्यामुळे तिथलं दुखणं लपत नाही. अप्पांना हे कुणी सांगितलं नव्हतं. ते आपले गॅलरीत खुर्ची टाकून दीड तास बघत बसले होते.

रविवारी दवाखाना बंद. कोमट पाण्यात मीठ घालून तिचा पाय पाच-पाच मिनिटं बुडवला, बेचकी कोरडी केली आणि चाटू नये म्हणून मोजा चढवला. मोजा तिनं पंधरा मिनिटांत काढला, आणि अर्धा सापडला. उरलेल्या अर्ध्याची नोंद अप्पांनी सोमवारी सकाळी घेतली. ती इथे देत नाही.

सोमवारपर्यंत बेचक्यात करवंदाएवढी गाठ आली होती. लालसर, तुळतुळीत, मध्ये टाचणीच्या टोकाएवढं भोक. आता तर पाय टेकेचना.

कुत्रं घेऊन पुण्यात रिक्षा मिळवणं हा वेगळा विषय आहे, तो थोडक्यात आटपते. पहिला म्हणाला, सीट खराब होते. दुसरा म्हणाला, तिकडं नाही जायचं, पण आम्ही कुठं जायचंय ते अजून सांगितलंच नव्हतं. तिसऱ्यानं खारीकडे बघून "अरेरे, पायाला काय झालं पोरीच्या?" असं विचारलं, मीटर टाकलं आणि मुळशीला त्याच्या गावी असलेल्या काळ्याच्या गोष्टी पौड फाट्यापर्यंत सांगितल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी दार उघडलं. एका बाजूनं खारी लंगडत आत आली, दुसऱ्या बाजूनं अप्पा. डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं.

"पेशंट कोण?"

"ती," अप्पा म्हणाले. "माझं वय झालंय. तिचं नाही."

मला एकदम चोरट्यासारखं झालं. अप्पांचा उजवा गुडघा गणपतीपासून धरलाय. बूट काढताना भिंतीला हात टेकणं, जिन्यात पहिल्या मजल्यावर उगाच थांबून नोटीस बोर्ड वाचणं, हे सगळं मी रोज बघत होते. आमचा नोटीस बोर्ड जूनपासून बदललेला नाही. खारीचा पाय मात्र मला ती दारात आल्या आल्या दिसला.

डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली, त्या भोकाकडे बोट केलं आणि विचारलं, "टेकडीवर नेता?"

"म्हातोबाच्या. रोज."

"मग कुसळ असणार."

कोजागिरी होऊन गेली की पुण्याच्या टेकड्यांवरचं गवत पिवळं पडतं आणि सकाळच्या उन्हात फार देखणं दिसतं. फोटोवाले नेमके तेव्हाच येतात. त्याच दिवसांत कुसळी पिकते. आपल्या पायमोज्यात, पँटच्या काठात अडकून घरी येते ती हीच. टोकाला सुईसारखं बी, त्यावर मागे वळलेले बारीक ताठ केस, आणि बियाच्या शेपटीला बोटभर लांब पिळदार कुसळ. त्या केसांमुळे ते पुढे सरकतं, मागे येत नाही. कुत्र्याच्या बेचक्यातल्या केसांत शिरलं की प्रत्येक पावलागणिक थोडं आत. कातडीत टोचलं की कातडीच्या आत. कधी कधी पायात शिरलेलं भलतीकडेच निघतं. एक्स-रेत दिसत नाही, कारण शेवटी ती गवताची काडी.

'दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही' ही म्हण ज्यानं केली त्यानं केवळ यमकासाठी कुसळाला क्षुल्लक ठरवलं, असं माझं मत झालंय. मुसळ परवडलं. ते गेल्या वाटेनं परत तरी निघतं. आणि दिसण्याचंच म्हणाल तर मला दोन्ही दिसली नव्हती. कुसळ टॉर्च लावूनही नाही, आणि मुसळ माझ्यासमोर रोज जिना चढत होतं.

डॉक्टरांनी खारीला गुंगीचं इंजेक्शन दिलं. ती अप्पांच्या मनगटावर हनुवटी ठेवून हळूहळू जड झाली. मग बारीक, सुसरीच्या जबड्यासारखा चिमटा त्या भोकातून आत गेला. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले. अप्पा मात्र चष्मा वर करून वाकून बघत होते. तीन-चार वेळा चिमटा रिकामा आला. "सापडेलच असं नाही हं," डॉक्टर म्हणाले, आणि पाचव्यांदा काढला तेव्हा टोकाला सेंटिमीटरही भरणार नाही अशी एक काळपट, ओली काडी होती. एवढीच. ट्रेमध्ये ठेवल्यावर मला ती दिसेना, डॉक्टरांना बोट दाखवावं लागलं.

अप्पांनी कागदाची पुडी मागितली.

आठवडाभराच्या गोळ्या, रोज पाय धुणं, आणि गळ्यात तो प्लास्टिकचा कर्णा. कर्णा घातलेलं कुत्रं घरात असलं की घराचे सगळे कोपरे नव्यानं ऐकू येतात. दाराची चौकट, डायनिंगचे पाय, माझ्या पोटऱ्या. पाणी पिताना कर्णा भांड्याभोवती असा बसतो की आतून आवाज विहिरीतून आल्यासारखा. पहिले दोन दिवस ती रागानं भिंतीकडे तोंड करून बसली. तिसऱ्या दिवशी तिला शोध लागला की कर्ण्यानं अप्पांचा पेपर खाली पाडता येतो.

आता टेकडीवरून आलं की दारातच पायपुसण्यावर बसून तिची बाराही बेचकी पुढची-मागची करत, दोन बोटांनी केस फाकवत बघायची, मग कानांच्या आत, मग काखेत. डॉक्टरांनी बेचक्यातले केसही बारीक कापून दिलेत. पाऊस संपल्यापासून गवत पार झडेपर्यंत पायवाट सोडायची नाही, हे खारीला सांगून उपयोग नाही, म्हणून अप्पांना सांगितलंय. गुडघ्याचंही सांगितलं. हाडांच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली. "गुरुवारी बघू," ते म्हणाले. पुण्यात याचा अर्थ काहीही होऊ शकतो.

बुधवारी संध्याकाळी मी कामावरून आले तर डायनिंग टेबलावर अर्धा बटाटा, त्यात उभं खोचलेलं एक अख्खं कुसळ, खाली कागदावर कंपासनं काढलेलं वर्तुळ आणि त्यावर घड्याळासारख्या खुणा. पुडीतलं तुटकं होतं, त्यामुळे पायमोज्यातून हे नवं काढलं होतं.

"बस," अप्पा म्हणाले. डोळ्यात औषध घालायच्या ड्रॉपरनं त्यांनी कुसळाच्या पिळावर पाण्याचा एक थेंब सोडला.

आधी काहीच झालं नाही. मग कुसळाचं वाकडं टोक हललं. वारा नव्हता, पंखा बंद होता. टोक सावकाश, घड्याळाच्या मिनिटकाट्यापेक्षा जरा घाईनं फिरायला लागलं, एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर, खालचा पीळ आपण होऊन उलगडत होता. ओलं झालं की सुटतं, वाळलं की परत पिळतं. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन एवढ्या भांडवलावर ते बी जमिनीत स्वतःला पेरून घेतं. खारीच्या पायालाही त्यानं जमीनच समजलं होतं.

"रॉबर्ट हूकनं 1665 साली लिहून ठेवलंय," अप्पा म्हणाले. "रानटी ओटच्या कुसळाचं हवेतली आर्द्रता बघायचं उपकरण. आमच्याकडे माणसाच्या केसाचं होतं. दमट हवेत केस लांबतो. तत्त्व तेच. एवढी वर्षं मी आर्द्रता मोजली, आणि हे कुसळ बघ, मोजतही नाही. सरळ कामाला लागतं."

खारी टेबलापाशी आली. कर्ण्यातून तिनं वर पाहिलं. बटाटा. मी "खारी, नाही" म्हणेपर्यंत कर्णा टेबलाच्या कडेवर आपटला, कागद सरकला आणि बटाटा कुसळासकट खाली घरंगळला, थेट दिवाणाखाली.

"धर तिला!" अप्पा ओरडले, आणि ज्या गुडघ्याचं 'गुरुवारी बघू' होतं, तो टेकून ते दिवाणाखाली शिरले. मी खारीला कर्ण्यासकट मिठीत धरून बसले. कुसळ सापडलं. बटाटाही सापडला. मग आतून बराच वेळ काही हालचाल नाही.

"अप्पा?"

"डायरी दे," दिवाणाखालून आवाज आला. "आणि लिही. बुध. 5.50. उपकरण पडले. निरीक्षक खाली. उजवा. भार टाकत नाही."