किड्याचं अक्षर

आज सुट्टी होती, म्हणून ओसाकाहून हांक्यू रेल्वेची गाडी धरून ताकाराझुकाला गेले. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढणारे प्रसिद्ध चित्रकार ओसामु तेझुका या गावात वाढले. त्यांच्या नावाचं संग्रहालय १९९४ पासून इथे आहे.

मी गेले होते त्यांच्या 'ॲस्ट्रो बॉय' या यंत्रमानव मुलासाठी, पण जीव अडकला तो किड्यांत. लहानपणी ते इथल्या रानात किडे गोळा करायचे, वहीत त्यांची चित्रं काढायचे. जपानीत 'ओसामुशी' नावाचा एक भुंगेरा आहे. आपल्या नावाशी जुळतो म्हणून या मुलाने सहीत 'किडा' या अर्थाचं जपानी अक्षर जोडलं आणि जन्मभर तेच ठेवलं! पुढे ॲनिमेशन स्टुडिओ काढला, त्याचं नावही 'मुशी', म्हणजे किडाच. किती हट्टाने जपलेलं प्रेम!

आई त्यांना इथल्याच ताकाराझुका रेव्ह्यू या संगीत नाटक मंडळीचे खेळ बघायला न्यायची. तिथे पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करतात. त्यांच्या 'प्रिन्सेस नाइट' या मांगामधली मुलाच्या वेशातली राजकन्या तिथूनच आली.

त्यांनी ओसाकात वैद्यकीचं शिक्षण घेतलं होतं. मांगात नाव झाल्यावरही, १९६१ मध्ये, त्यांनी गोगलगायीच्या शुक्रपेशींवर डॉक्टरेट केली. दवाखाना मात्र कधीच थाटला नाही. ती सगळी विद्या 'ब्लॅक जॅक' या त्यांच्या मांगातल्या शल्यविशारदाच्या शस्त्रक्रियांमध्ये उतरली.

१९८९ मध्ये साठाव्या वर्षी गेले. इस्पितळातही चित्रं काढत होते, काही मालिका अपुऱ्याच राहिल्या.

परतताना नदीकाठी बराच वेळ बसून राहिले. लेकीला किडे फार आवडतात, आणि मी तिला सारखी ओरडते. उद्या तिला एक कोरी वही आणणार आहे.