उघड्या जाळ्याचा दुसरा हंगाम

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी शेततळ्याचं पाणी ११ अंशांवर होतं. दोन तास दोऱ्या सोडून काठावर बसले, एकही यॅबी आला नाही. येणार नव्हताच. पाणी १६ अंशांखाली गेलं की यॅबी खाणंपिणं सोडून चिखलात पडून राहतो, हे ठाऊक असूनही गेले, कारण वहीत थंड पाण्याचाही आकडा हवा होता. मागच्या वर्षी मी फक्त मिळाले त्या दिवसांच्या नोंदी ठेवल्या आणि वर्षअखेरीस त्यांतून काही कळेना.

नव्याने आलेल्यांसाठी आधी थोडं. मी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात यॅबी पकडते (इथे ऑगस्ट म्हणजे हिवाळा), बहुतेक वेळा एका ओळखीच्या बाईंच्या शेततळ्यात आणि कधीमधी त्याच शेताच्या खालून जाणाऱ्या ओढ्यात. यॅबी म्हणजे गोड्या पाण्यातला क्रेफिश. दिसायला झिंग्यासारखा, नांग्या मात्र खेकड्याच्या. 'यॅबी' हा शब्द इथल्या वेंबा वेंबा लोकांच्या भाषेतून आलेला. शास्त्रीय नाव 'चेरॅक्स डिस्ट्रक्टर', आणि त्यातला 'डिस्ट्रक्टर' त्याच्या बिळं करण्याच्या सवयीवरून पडला. बांधाला बिळं पाडून तळं गळायला लावतो तो. बाईंनी मला तळ्यावर येऊ दिलं तेही बांधाच्या काळजीनेच.

मी पूर्वी कशाने पकडत होते, तेही सांगायला हवं. ऑपेरा हाऊस नेट. वरून गोल घुमटासारखा, चारी बाजूंनी बंद, आत शिरायला नरसाळ्यासारखी तोंडं. संध्याकाळी टाकायचा, सकाळी काढायचा, भरलेला मिळायचा. खासगी तळ्यात तेव्हा त्याला बंदी नव्हती. २०१६च्या डिसेंबरात सकाळी जाळं वर ओढलं तेव्हा नेहमीपेक्षा जड लागलं. आत तेरा यॅबी होते आणि लांब मानेचं एक कासव होतं. मेलेलं. कासव बराच वेळ दम धरू शकतं, पण रात्रभर नाही. मान जाळीच्या भोकातून बाहेर काढून तसंच राहिलं होतं. ते जाळं मी पुन्हा पाण्यात टाकलं नाही.

पुढे १ जुलै २०१९ पासून व्हिक्टोरियात ही बंद जाळी सगळ्याच पाण्यांत बंद झाली, सार्वजनिक आणि खासगी दोन्ही. न्यू साउथ वेल्समध्ये २०२१ साली झाली. कारण मुख्यतः प्लॅटिपस, बदकासारख्या चोचीचा इथला सस्तन प्राणी. प्लॅटिपस पाण्याखाली डोळे, कान, नाकपुड्या सगळं मिटून घेतो आणि चोचीने भक्ष्याच्या हालचालीतून निघणारे विजेचे सूक्ष्म संकेत टिपतो. आता विचार करा, जाळ्यात दहा यॅबी धडपडत असतील तर त्याच्या दृष्टीने तिथे ताट वाढून ठेवलेलं असतं. तो आत शिरतो, बाहेरची वाट सापडत नाही, आणि काही मिनिटांत बुडून मरतो. राकालीचं, म्हणजे इथल्या पाणउंदराचं, तसंच. दोघेही फुफ्फुसांनी श्वास घेणारे, वर यावंच लागतं त्यांना. जानेवारी २०२१ मध्ये व्हिक्टोरियाने प्लॅटिपसची नोंद असुरक्षित प्रजातींमध्ये केली.

म्हणून माझी कसोटी आता एकच आहे. मी काठावरून उठून गेले तर या जाळ्यात कुणी अडकून पडेल का? पडणार असेल तर ते जाळं नको. उघडं जाळं आपण हजर असतानाच काम करतं, ओढणारा हात नसेल तर ते नुसतं तळाशी पसरलेलं जाळीदार कापड आहे. मला त्याची हीच गोष्ट आवडते.

आता हंगाम.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी १७ अंश. दोन हूप नेट टाकली. रचना साधी असते: लोखंडी कडं, त्याला सैल जाळी, मधोमध आमिष, तीन बाजूंनी दोऱ्या एकत्र आणून वर एक दोर. तळाशी गेलं की जाळी सपाट पसरते, ओढलं की कडं वर येऊन झोळी होते. पहिल्या दिवशी पाच फेऱ्यांत नऊ यॅबी. जुन्या जाळ्याच्या मानाने कमी, पण नऊच्या नऊ जिवंत, धडधाकट, एकमेकांच्या नांग्या न तोडलेले. बंद जाळ्यात रात्रभर कोंडले की ते एकमेकांवर तुटून पडतात. एकच नांगी असलेले यॅबी तेव्हा मला नेहमी मिळायचे. ते माझ्याच जाळ्यामुळे तसे झाले होते हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

ओढण्याबद्दल लिहिते, कारण मागच्या वर्षी माझे अर्धे यॅबी इथेच निसटले. मी हळूच ओढायचे, चाहूल लागू नये म्हणून. ते चुकीचं. दोर आधी ताणून घ्यायचा, जाळं हलू न देता. मग पहिला हात जोरात, म्हणजे कडं तळापासून एकदम उचललं जातं आणि बाजूला पळायची वाट बंद होते. त्यानंतर एकसारखं ओढत राहायचं, मध्ये थांबायचं नाही. यॅबी शेपटी आत मारून मागच्या मागे उडी घेतो आणि थांबलात की त्याला तेवढा वेळ मिळतो. काठ उतरता असेल तर कडं काठाला घासून तिरकं होतं, तेव्हा लांब काठी घेऊन दोर पाण्यावर पुढे धरावा.

किती वेळाने ओढायचं यावर नोव्हेंबरचे चार शनिवार घालवले. दहा मिनिटांनी ओढलं तर बहुतेक वेळा एखादाच यॅबी, आणि वारंवार ढवळल्याने पाणी गढूळ. चाळीस मिनिटांनी ओढलं तर आमिष कुरतडलेलं, यॅबी जेवून गेलेले. वीस मिनिटांना सगळ्यात चांगलं जमलं. माझ्या तळ्यात, १९ ते २१ अंश पाण्यात. तुमच्या पाण्यात वेगळं येईल. वीस मिनिटांची फेरी ठरली की आपोआप जाळ्यापासून लांब जाता येत नाही, हा तिचा दुसरा फायदा. मी तीनपेक्षा जास्त जाळी टाकत नाही. नियमाने जास्त चालतात, पण एका माणसाचं तिन्हींकडे नीट लक्ष राहतं, चौथ्याकडे राहत नाही.

त्याच महिन्यात माद्यांच्या पोटाखाली अंडी दिसायला लागली. पाणी १५-१६ अंशांच्या वर गेलं की विणीचा हंगाम सुरू होतो. यॅबी पाठीवर पकडावा, नांग्यांच्या मागे, अंगठा आणि तर्जनीत, आणि उलटा करून पाहावा. शेपटीखाली हिरवट-काळसर दाण्यांचा घोस दिसला की ती गाभोळीवाली मादी. तिला ठेवायचं नाही, नियम तसाच आहे. पण फेकायचंही नाही. माझ्या डोळ्यांदेखत एकाने तशी मादी काठावरून दूर भिरकावली होती आणि पाण्यावर आपटताना अंड्यांचा झुपका सुटलेला दिसला. हात पाण्यात बुडवून तळाशी सोडायची, जिथे सापडली त्याच जागी. पिल्लं फुटली तरी काही काळ ती आईच्या पोटाखालीच चिकटून असतात, तीही पाहून घ्या. राखाडी किड्यांसारखी वळवळतात, पटकन लक्षात येत नाहीत. अंडी नसतील तर नर-मादी पायांवरून कळतं: नांगीची जोडी पहिली धरली तर मादीच्या तिसऱ्या जोडीच्या बुडाशी दोन भोकं, नराच्या पाचव्या जोडीच्या बुडाशी दोन बारीक टेंगळं.

डिसेंबर. ओढ्यावर एकदाच गेले. सार्वजनिक पाणी म्हटल्यावर परवाना लागतो, तो खिशात होता. सूर्य मावळताना समोरच्या डोहात पाण्यावर गोल तरंग उठला, मग बुडबुड्यांची रांग. मिनिटभराने चपटं तपकिरी डोकं वर आलं. प्लॅटिपस. मी अजून जाळं टाकलं नव्हतं. टाकलं असतं तरी उघड्या जाळ्यातून तो पोहत निघून गेला असता, हे खरं. तरीही टाकलं नाही. ज्या डोहात तो दिसतो तिथे फक्त दोरी आणि मांस, बाकी काही नाही, असं त्या संध्याकाळी ठरवलं. दोरीचे तुकडेही मोजून परत आणते. प्लॅटिपसच्या मानेत दोऱ्या, रबर, प्लास्टिकची कडी अडकून मांस कापत जातात, आणि त्याला ती काढता येत नाहीत. काठावर इतरांचे नायलॉनचे तुकडे पडलेले असतात, तेही उचलावेत.

ओढ्यात एक काळजी आणखी घ्यावी लागते. काटेरी क्रेफिश म्हणजे यॅबी नव्हे. यॅबीचं अंग गुळगुळीत. सापडलेल्याच्या शेपटीवर आणि बाजूंनी काटे दिसले तर तो वेगळ्या जातीचा, त्याचे नियम वेगळे. त्यातला मरे क्रेफिश, पांढऱ्या नांग्यांचा, थंड पाण्यातला गडी. व्हिक्टोरियात त्याला १ जून ते ३१ ऑगस्ट एवढीच मोकळीक आणि कवचाची लांबी १० ते १२ सेंटिमीटरच्या मधली हवी. त्याहून लहान आणि मोठे दोन्ही परत. हे हळू वाढतात, मादी पिल्लं द्यायला बरीच वर्षं घेते. ओळख पटत नसेल तर सोडून द्यावं.

जानेवारीत भाची आली, नऊ वर्षांची. तिला जाळं दिलं नाही, एक दोरी आणि मांसाचा तुकडा दिला. गळ नाही, काही नाही. दोरी सोडायची, ताठ झाली की इंचाइंचाने ओढायची. यॅबी हावरट असतो, तुकडा नांगीत धरला की पार पाण्याच्या वरच्या थरापर्यंत धरून येतो, मग त्याच्या मागून हातजाळं सरकवायचं.

"मावशी, हा सोडतच नाहीये!"

"ओरडू नकोस, वर बघितलं की सोडेल. मागून जाळं घाल. मागून!"

तिने एका दुपारी अकरा पकडले. माझ्या तीन जाळ्यांत त्या दुपारी चौदा. मी दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवलेत आणि अजून त्यांच्याकडे बघते आहे. दोरीने सहसा दुसरं जनावर येत नाही, हरवली तरी जाळं मागे राहत नाही, आणि प्रत्येक यॅबी आपण निवडून घेतो. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी जाळं विकत घेण्याआधी एक हंगाम दोरीवर काढावा, असं मला मनापासून वाटतं.

आमिष मी त्याच तळ्यातल्या कार्प माशाचं वापरते. कार्प इथे उपद्रवी ठरवलेला आहे, पकडला तर जिवंत परत सोडता येत नाही, म्हणजे तो असाही वाया जाणार. दुसऱ्या पाण्यातला मासा आणून टाकला तर त्याच्याबरोबर काय येईल सांगता येत नाही. जाळी, बूट, बादली घरी नेऊन धुते आणि कडक उन्हात पूर्ण वाळवते; बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी ओल्या वस्तूंवरून एका पाण्यातून दुसऱ्यात जाते. आणि जिवंत यॅबी एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात कधीही नेत नाही. १९३२ साली कुणीतरी पश्चिम व्हिक्टोरियातून यॅबी नेऊन वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या नॅरेम्बीनजवळच्या एका शेततळ्यात सोडले. तिथून ते पसरत गेले, आणि तिथल्या मूळच्या क्रेफिशना, मॅरन आणि गिल्गी यांना, आजही त्यांची डोकेदुखी आहे. बाईंच्या शेजाऱ्यांनी मागच्या महिन्यात "माझ्या तळ्यात सोडायला वीसेक द्या" म्हणून विचारलं. नाही म्हटलं. जरा राग आला त्यांना, पण त्यांच्या तळ्याचं पाणी सांडव्यावरून थेट ओढ्यात जातं.

फेब्रुवारीची पहिली फेरी, पाणी २४ अंश. तिसऱ्या जाळ्याचा दोर आपोआप हलायला लागला. यॅबीने एवढा हलत नाही. पाणी त्या दिवशी नितळ होतं, वाकून पाहिलं तर लांब मानेचं कासव जाळीच्या मधोमध बसून कार्प फाडत होतं. मी दोर ढिला सोडला आणि थांबले. पाच-सात मिनिटं गेली. खाऊन झाल्यावर त्याने पुढचे पाय कड्यावर टेकले, मान लांब केली, आणि श्वास घ्यायला वर आलं. डोकं बाहेर, माझ्याकडे एक नजर, पुन्हा खाली. जाळं रिकामं होतं, आमिषही संपलेलं.

जाळ्यातलं आमिष मी नायलॉनच्या मोज्यात बांधत होते, ते त्याने मोज्यासकट ओरबाडलं होतं. नायलॉनचे दोन धागे त्याच्या पोटात गेले असतील अशी शंका आहे, ती मला त्रास देते. त्या दिवसापासून मोजा बंद. आता बारीक जाळीच्या पत्र्याची झाकणाची डबी करून ती कड्याच्या मधोमध तारेने आवळली आहे. वास बाहेर येतो, कुणाच्या तोंडात काही जात नाही. दोन फेऱ्या झाल्या, यॅबी डबीवर चढून बसलेले मिळतात, सात आणि पाच. मोज्याला सरासरी नऊ येत होते. डबीची भोकं थोडी मोठी करून मार्चमध्ये पुन्हा बघते.