हिरव्या टोपणाची नळी

सोमवार

बायपोलर, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य आणणारा मनाचा आजार. त्याच्या फायलीत मनाच्या नोंदी भरपूर असतात. झोप किती, चिडचिड किती, खर्च वाढलाय का, बोलणं थांबत नाहीये का. वजन, कंबर आणि बीपीचे रकाने मात्र कोरे. हा आजार असलेली माणसं सरासरी दहाएक वर्षं लवकर जातात, आणि त्यात मोठा वाटा हृदयविकाराचा असतो. तेव्हा या आठवड्यात मनाला सुट्टी, फक्त शरीराच्या नोंदी.

सुरुवात लिथियमपासून. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी ते उन्मादावर लागू पडतं असं प्रसिद्ध केलं आणि अजून त्याच्या तोडीचं औषध विरळाच. अडचण एवढीच की गुणाची पातळी आणि विषाची पातळी एकमेकींच्या शेजारी राहतात. एरवी रक्तात ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर पुरतं, उन्मादात त्याहून थोडं जास्त लागतं. १.५ च्या वर गेलं की धोका.

मोजताना होणाऱ्या चुका अगदी साध्या असतात. रक्त द्यायचं ते शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी. रात्री ९ ला गोळी, तर सकाळी ९ ला सुई. सकाळीही गोळी असेल तर ती सोबत न्यायची आणि रक्त दिल्यावर घ्यायची. चहाबरोबर गोळी घेऊन लॅबमध्ये गेलं की आकडा फुगतो आणि चांगला लागू पडलेला डोस विनाकारण कमी होतो. डोस बदलला असेल तर ५ ते ७ दिवस थांबून तपासायचं, त्याआधीच्या आकड्याला अर्थ नाही.

दुसरी गोष्ट नळीची. हिरव्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन असतं, आणि बऱ्याचदा ते लिथियम हेपॅरिन असतं. म्हणजे नळीतलंच लिथियम मोजलं जातं! पातळी अचानक चढलेली दिसली आणि माणूस ठणठणीत असेल, तर आधी नळीचा रंग विचारावा. लाल टोपणाची साधी नळी चालते. सुई टोचण्याआधी विचारलं तर टेक्निशियन रागावत नाही. रागावलाच तर रागावू दे.

त्याच सुईत टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), दर सहा महिन्यांनी. कॅल्शियम वर्षातून एकदा. लिथियममुळे थायरॉइड मंदावतो तेव्हा थकवा, मरगळ, वाढलेलं वजन हे सगळं हुबेहूब नैराश्यासारखं दिसतं. मग मनाची गोळी वाढते, आणि खरी गरज असते थायरॉइडच्या गोळीची.

मंगळवार

मिठाबद्दल. मूत्रपिंडाला सोडियम आणि लिथियम यांतला फरक फारसा कळत नाही. शरीरात मीठ कमी पडलं की ते सोडियम धरून ठेवतं आणि त्याबरोबर लिथियमही. म्हणून एकदम अळणी जेवण सुरू करणं, निर्जळी उपास, दोन दिवसांचे जुलाब, विदर्भातला मे महिना किंवा वारीत दिवसभर चालून आलेला घाम, या सगळ्यांचा परिणाम एकच: रक्तातलं लिथियम वाढतं. उपासाला सैंधव चालतं, तेही सोडियम क्लोराइडच. 'लो सोडियम' मिठात मात्र काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, ते स्वतःच्या मनाने सुरू करू नये. चहाचंही तसंच: कॅफिनमुळे लिथियम थोडं जास्त बाहेर पडतं, त्यामुळे पाच कपांवरून एकदम शून्यावर आलं तर पातळी चढते. हळूहळू कमी करावा.

सगळ्यात जास्त घात होतो तो मेडिकलच्या काउंटरवर. 'अंगदुखीवर काहीतरी द्या' म्हटलं की आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नाहीतर अॅसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी हातात पडते. पट्टीमागची बारीक अक्षरं वाचावीत. नुसतं पॅरासिटामॉल चालतं, बाकीची लिथियम वाढवतात. बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा थायझाइड गटातली लघवीची गोळी सुरू होतानाही तेच. ती लिहिणारे डॉक्टर वेगळे असतात, त्यांना आपण सांगितल्याशिवाय कळत नाही.

बोटांची हलकी थरथर नेहमीची. पण चहा बशीत सांडावा इतका हात कापायला लागला, चालताना तोल गेला, जीभ जड झाली, जुलाब-उलट्या लागल्या, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी हॉस्पिटल. 'उद्या बघू' नको.

गुरुवार

वजन. ओलान्झापिन किंवा क्वेटियापिन ही बायपोलरवरचीच दुसरी औषधं सुरू झाल्यावर जी भूक लागते तिला 'खादाडपणा' म्हणणं हा शुद्ध अन्याय आहे. पोट भरल्याचा निरोपच मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. पोळीभाजी जेवून तासाभरात फरसाणाचा डबा उघडतो तो त्यामुळे. पहिले सहा आठवडे महत्त्वाचे: दर आठवड्याला त्याच काट्यावर, सकाळी, काही खाण्याआधी वजन. सुरुवातीच्या ५ टक्क्यांची वाढ झाली, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलो वाढले, की लगेच डॉक्टरांशी बोलायचं. तेव्हा औषध बदलणं किंवा मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) जोडणं सोपं असतं, १५ किलोंनंतर सगळंच अवघड. स्वतःहून गोळी बंद करणं हा मात्र उपाय नव्हे.

कंबर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजायची. पँटच्या पट्ट्यावर नाही. भारतीय पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०, त्यापुढे सावध. उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल औषधाआधी, तीन महिन्यांनी, मग दरवर्षी.

लिथियममुळे लागणारी तहान सरबतावर किंवा कोल्ड्रिंकवर भागवली तर वजन त्या वाटेनेही चढतं. पाणी बरं, ताकही.

शनिवार

थोडं तंबाखूबद्दल. बिडी-सिगारेटच्या धुराने यकृत ओलान्झापिन लवकर संपवतं. सिगारेट सोडली की तोच डोस जास्त लागू पडतो, गुंगी वाढते. म्हणून सोडण्याआधी डॉक्टरांना सांगावं. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, त्यामुळे मशेरीने तो होत नाही. मशेरीचं बाकी नुकसान आहेच.

झोपेत झोपण्याच्या वेळेपेक्षा उठण्याची वेळ जास्त कामाची. ती रविवारीही तीच ठेवायची आणि अर्ध्या तासात उजेडात बाहेर पडायचं. खचलेल्या दिवसांत सोसायटीच्या गेटपर्यंत दहा मिनिटं पुरेत. उलट, चार तास झोपूनही तरतरी वाटत असेल तर रात्रीचा व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन.

एवढं सगळं लिहायला वेगळी वही लागत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरचा चौकोन पुरतो: उठणं ६.३०, झोप ७ तास, वजन ७१.२. आणि सहा महिन्यांपुढच्या चौकोनात आजच पेन्सिलीने: लिथियम, टीएसएच, क्रिएटिनिन, लाल टोपण.