बुड दुखतंय, पण नेमकं कुठे?

नवीन सायकल घेतली की बुड दुखणारच, होईल सवय, असं जो तो सांगतो. हे अर्धंच खरं आहे. मीही तीन आठवडे सवय व्हायची वाट पाहिली. मग नीट लक्ष दिलं, तेव्हा कळलं की दुखणी एक नाही, तीन आहेत, आणि सवयीने जाणारं त्यातलं एकच.

पहिलं बैठकीच्या हाडांचं. कडक बाकावर बसून दोन्ही हात बुडाखाली घातले की दोन टणक उंचवटे लागतात, तीच ही हाडं. सीटवर वजन यायला हवं ते यांच्यावरच. मुका मार लागल्यासारखा ठणका असतो, दुसऱ्या दिवशी बसताना जास्त जाणवतो. दुसरं जांघेत किंवा मांडीच्या आतल्या बाजूला कातडी घासून होणारी आग. तिसरं म्हणजे मधल्या नाजूक भागातला बधिरपणा किंवा मुंग्या. तिथे नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात, त्यामुळे याची सवय करून घ्यायची नसते. बधिर वाटलं की लगेच उभं राहायचं, आणि घरी आल्यावर सायकलची मापं तपासायची.

माझी पहिली चूक म्हणजे जेलचं जाड कव्हर. अंगठ्याने दाबून मऊ लागलं म्हणून चढवलं. पहिली पंधरा मिनिटं स्वर्ग. त्यानंतर हाडं जेलमध्ये रुतत जातात आणि बाजूला सरकलेलं जेल मधोमध वर येतं, म्हणजे दाब नको तिथेच जातो. ठणका कमी झाला, पण बधिरपणा सुरू झाला. कव्हर काढून टाकलं. लांब पल्ल्याच्या सीट बऱ्यापैकी कडक का असतात, ते तेव्हा समजलं.

नवीन सीट घेण्याआधी आहे तीच जुळवली. सुरुवात उंचीपासून. भिंतीला धरून सायकलवर बसायचं, पॅडल सगळ्यात खाली आणायचं आणि त्यावर टाच ठेवायची. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. टाच पोहोचवायला कंबर एका बाजूला कलंडत असेल तर सीट उंच आहे. माझी तशीच होती. अशा वेळी प्रत्येक पॅडलला कंबर डावी-उजवी झुलते आणि कातडी सीटच्या कडेवर घासत राहते. तासाभरात किती हजार वेळा, हिशेब न केलेला बरा. सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांड्याला, इन्सुलेशन टेपचा तुकडा लावून जुनी जागा पक्की केली आणि तिथून 3-3 मिलिमीटर खाली येत गेलो. एकूण 12 मिलिमीटरला झुलणं थांबलं. जांघेतली आग निम्म्याने तिथेच कमी झाली. उलट सीट वर घ्यायची असेल, तर सीटपोस्टवरची कमाल उंचीची खूण फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये.

मग कल. सायकल सपाट जमिनीवर उभी करून सीटवर एक जाड वही आणि वहीवर गवंड्याची पाणसळ ठेवली. सीटचं टोक वर असेल तर ते मधल्या भागात रुततं. फार खाली असेल तर आपण पुढे घसरतो, सारखं स्वतःला मागे ढकलतो आणि मनगटं दुखायला लागतात. आधी सपाट ठेवायची आणि गरज लागली तर एखादा अंश खाली. सीट धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट ढिला करायला बहुतेक सायकलींना 5 किंवा 6 मिलिमीटरची अ‍ॅलन की लागते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोन-तीन फेऱ्या तशाच मारायच्या. उंची, कल आणि सीटचं मागे-पुढे एकाच दिवशी बदललं, तर गुण कशाने आला ते कळतच नाही.

एवढं होऊनही बधिरपणा पूर्ण जाईना, तेव्हा सीटची रुंदी तपासली. पायरीवर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवून त्यावर बसायचं, गुडघे थोडे वर, अंग पुढे झुकलेलं. एक मिनिटाने उठलं की पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतात. दिसले नाहीत तर पुठ्ठा तिरक्या उजेडात धरून हात फिरवावा. दोन खळग्यांच्या मध्यांतलं माझं अंतर 125 मिलिमीटर निघालं. त्यात साधारण 20 ते 30 मिलिमीटर मिळवायचे. जितकं ताठ बसणं, तितकी रुंद सीट. माझी होती 130 ची, म्हणजे हाडं कडेवरच टेकत होती आणि मधला भाग भार झेलत होता. मधे खाच असलेली 150 ची बसवली. तुमचं वजन कितीही असो, खरं माप हाडांमधल्या अंतराचं.

कपड्यांचं थोडक्यात. पॅडेड शॉर्ट्सच्या, म्हणजे बुडाखाली पॅड शिवलेल्या सायकलिंगच्या चड्डीच्या, आत अंतर्वस्त्र घालायचं नाही. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि त्याची शिवण नेमकी जांघेत येते. घासणं कमी करणारं क्रीम लावायचं ते निघण्याआधी, कातडीवर, जिथे घासतं तिथे, बोटाच्या पेरावर मावेल इतकंच. आग व्हायला लागल्यावर लावून फारसा उपयोग नाही.

हाडांचा ठणका मात्र वेळच घेतो. मी एक दिवसाआड 30 ते 40 मिनिटं ठेवली आणि दर दहा-बारा मिनिटांनी पॅडलवर उभं राहून दहा-पंधरा पॅडल मारली. अगदी हलक्या गिअरमध्ये पाय नुसते फिरत राहिले, तर सगळं वजन बुडावर बसतं. थोडा जोर लागेल असा गिअर ठेवला की पाय भार उचलतात. ट्रेनरवर, म्हणजे घरात एका जागी सायकल चालवायच्या स्टँडवर, तर हे जास्तच पाळावं लागतं, कारण तिथे सायकल हलत नाही आणि आपण एकाच जागी रुतून बसतो.

घासलेल्या जागी पुटकुळी आली तर फोडायची नाही. दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटं कोमट पाण्याचा शेक, सैल कपडे आणि बरी होईपर्यंत सायकल बंद. लाली पसरली, गाठ मोठी झाली किंवा ताप आला तर डॉक्टरकडे. आणि शॉर्ट्स प्रत्येक वेळी धुवायची, सॉफ्टनर न घालता, उलटी करून वाळवायची. पॅड बोटांनी दाबून पाहायचं, आतून दमट लागलं तर त्या दिवशी ती घालायची नाही.