बाबांना स्टेंट का घातला नाही

"स्टेंट किती घातले?" बाबांना बांबोळीच्या इस्पितळातून घरी आणल्यावर जो भेटायला आला त्याने हेच विचारलं. स्टेंट म्हणजे धमनी उघडी ठेवायला आत बसवतात ती जाळीची बारीक नळी. एकही नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडायचा. उपचार अर्धवट टाकून आलो असं वाटायचं त्यांना. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधताना बाबांच्या छातीत कळ आली. दरदरून घाम, मग उलटी. "पित्त झालंय, थोडी सोलकढी दे," म्हणाले. भावाने ऐकलं नाही. आरोग्य केंद्रात ईसीजी काढला आणि तिथून १०८ने थेट बांबोळी.

हृदयाच्या उजव्या धमनीत रक्ताची गुठळी अडकली होती. पण ती धमनी अरुंद नव्हतीच, उलट फुगून सहा मिलिमीटरच्या वर गेलेली. शेजारच्या निरोगी भागाच्या दीडपटीहून जास्त रुंदी झाली की त्याला एक्टेशिया म्हणतात. मोठ्या माणसांत बहुधा भिंतीत साचणाऱ्या चरबीमुळेच हे होतं; लहानपणी कावासाकी आजार (ताप येऊन रक्तवाहिन्या सुजतात तो) झाला असेल तर त्यानेही होतं. तसा ताप बाबांना कधी आला होता का, डॉक्टरांनी विचारलं. ते सांगायला आजी आता नाही.

डॉक्टरांनी आम्हाला अँजिओग्राफी दाखवली. इतर धमन्यांतून औषधाची काळी रेघ सर्रकन पुढे जायची. उजवीकडे ती फुगवट्यात शिरायची आणि तिथेच घुटमळत राहायची. बाबांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "कुळागरातला, आपल्या पोफळीच्या बागेतला पाट. रुंद झाला की पाणी मंदावतं, तिथेच गाळ बसतो."

नळीने गुठळी जमेल तेवढी ओढून काढली, रक्त पातळ ठेवणारं औषध सलाईनमधून चालू ठेवलं आणि काही दिवसांनी पुन्हा अँजिओग्राफी केली. धमनी वाहती होती. स्टेंट इथे भिंतीला नीट चिकटणार नाही, सैल राहील आणि सैल स्टेंटवरच पुन्हा गुठळी धरेल, असं डॉक्टर म्हणाले. शिवाय गुठळी मोठी असताना स्टेंट दाबला तर तिचे तुकडे पुढच्या बारीक वाहिन्यांत जाऊन बसतात. या आजारात सगळ्यांना लागू पडेल असा एकच ठरलेला उपचार नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. मला त्याचा फार आधार वाटला.

आता बाबा गुठळी होऊ नये म्हणून वॉरफरिन आणि क्लोपिडोग्रेल घेतात. वॉरफरिनची अर्धी गोळी आई ब्लेडने कापून ठेवते. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा, दोन ते तीनच्या मध्ये राहायला हवा. पालेभाजीने वॉरफरिनचा परिणाम कमी होतो; म्हणून तांबडी भाजी बंद नाही, पण एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असं चालत नाही. एकदा गुडघा दुखतो म्हणून त्यांनी दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घेतली आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं. ती रात्र आम्ही जागून काढली.

त्यानंतर मी एका कार्डावर औषधांची नावं, आयएनआर आणि "उजवी धमनी रुंद, स्टेंट नाही" एवढं लिहून दिलं. परवा दाताच्या डॉक्टरांकडे खुर्चीत बसायच्या आधीच बाबांनी शर्टाच्या खिशातून ते काढून पुढे केलं.