मालवणात स्कूबाला जाताय? आधी होडीची तयारी करा

स्कूबाच्या तयारीबद्दल जो तो सांगतो ते पाण्याखालचं. तोंडाने श्वास घ्या, घाबरू नका, मासे बघा. मालवणला जाऊन आल्यावर माझं मत असं, की पाण्याखालचं जे काय असतं ते पंधरा मिनिटांत आटोपतं. खरा कस लागतो तो त्याआधी, नांगर टाकून डुलत उभ्या असलेल्या होडीत. त्याबद्दल आम्हाला कुणीही चकार शब्द सांगितला नव्हता.

बुकिंग घेणारा म्हणाला होता, "अर्ध्या तासात परत किनाऱ्यावर." दांडीच्या किनाऱ्यावरून निघालो, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांपाशी होडी थांबली. होडीत आम्ही बाराजण, पाण्यात एका वेळी दोघे. म्हणजे अर्धा तास कसा, ते त्यालाच ठाऊक. होडी चालू असते तोवर ठीक असतं, वारा लागतो. नांगर पडला की ती नुसती या अंगावरून त्या अंगावर कलंडत राहते. वरून ऊन, नाकात डिझेल, अंगात आधीच्या माणसाने काढलेला ओला सूट. सकाळी घावणे आणि उसळ पोटभर हाणलेले सगळे एकेक करून कठड्यावर वाकले. एका काकूंनी तर पाण्यात उतरायलाच नकार दिला. पैसे अर्थातच परत नाहीत.

म्हणून पहिली गोष्ट: पैसे देण्याआधी होडीत किती जण आणि पाण्यात उतरवणारे किती, एवढं विचारा. उत्तर गोलमोल आलं तर पुढच्याकडे जा, मालवणात त्यांची वाण नाही. दुसरी: सकाळची पहिली बॅच घ्या. सकाळी मतलई वारा असतो, समुद्र त्यातल्या त्यात निवांत. दुपारी खारं वारं सुटलं की लाटा उठतात. दुपारची बॅच कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नका. तिसरी: रिकाम्या पोटी नको आणि तुडुंब पोटानेही नको. दोन-तीन तास आधी एखादं केळं, थोडे पोहे, बस्स. फिश थाळी परत आल्यावर. होडीत मध्यभागी बसा, मोबाइल पिशवीत टाका आणि नजर किल्ल्याच्या तटावर ठेवा. महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला तो तट, त्या अख्ख्या दृश्यात न हलणारी तेवढी एकच गोष्ट आहे. गाडी लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळीचं बघावं, पण गुंगी आणणारी गोळी घेऊन पाण्याखाली जायचं नाही. आणि पहिला नंबर मागून घ्या. लाजू नका. भांडावं लागलं तर भांडा.

आता कान. माझा उजवा कान संध्याकाळपर्यंत दडा बसल्यासारखा होता, त्यामुळे हे जरा जोरात सांगतो. दर दहा मीटरला, म्हणजे साधारण तेहतीस फुटांना, पाण्याचा दाब जमिनीवर हवेचा असतो तेवढ्याने वाढतो. पण कानाला त्रास होतो तो पहिल्या दहा फुटांतच. मास्कवरूनच नाक चिमटीत धरायचं, तोंडातली नळी न सोडता ओठ मिटलेले ठेवायचे आणि हलकेच नाकात फुंकायचं. कान 'टक' करून मोकळे होतात. हे दर दोन-तीन फुटांना करायचं, तेही दुखायला लागण्याआधी. दुखलं की थांबा, जरा वर या, पुन्हा करा. जोर लावायचा नाही. आमचा गाइड पाठीमागून सिलेंडर धरून खाली नेत होता, त्याला माझं तोंड दिसतच नव्हतं. "घाबरा नको, काय होवचा नाय," एवढंच त्याचं प्रशिक्षण. कान दुखला तर कानाकडे बोट दाखवीन आणि तू थांबायचंस, हे होडीतच ठरवून घ्या. सर्दी असेल तर जाऊच नका. आगाऊ दिलेले पैसे बुडाले तरी चालतील. दमा, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन झालेलं असेल तर डॉक्टरांशिवाय हा विषयच नको. हे प्रश्न न विचारता जो पाण्यात उतरवतो, तो माणूस चांगला नव्हे.

खुणा पण शिकून घ्या. अंगठा वर म्हणजे 'झकास' नव्हे, 'मला वर ने'. आमचे भावोजी खाली गेले, मासे बघून खूश झाले, अंगठा दाखवला आणि थेट वर आले. पुन्हा खाली गेले, पुन्हा अंगठा. ठीक आहे म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

श्वास कधीही रोखायचा नाही, विशेषतः वर येताना. छातीत कोंडलेली हवा वर येताना फुगते आणि चार-पाच फुटांवरूनही फुप्फुसाला इजा होऊ शकते. कमरेएवढ्या पाण्यात पाच मिनिटं तोंडाने श्वास घेऊन बघितल्याशिवाय खोल जाऊ नका. मास्क निवडताना पट्टा न लावता चेहऱ्याला लावा आणि नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर तो तुमचा. झुपकेदार मिशी असेल तर पाणी आत येणारच. चष्मा आत चालत नाही.

आणि खाली? खाली गेल्यावर मी सगळा वैताग विसरलो, हे कबूल करायला हवं. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे नाकासमोरून जातात, आपल्याच बुडबुड्यांचा आवाज कानात भरतो, आणि वर यावंसं वाटत नाही. पण अंदमानच्या निळ्याशार पाण्याचे फोटो डोक्यात ठेवून येऊ नका. इथलं पाणी हिरवट असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत त्यातल्या त्यात स्वच्छ. पावसाळ्यात हे सगळं बंदच असतं. माशांना जमवायला गाइड पाव टाकतात, ते नको म्हणा. प्रवाळावर पाय टेकू नका; हा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, जरी किनाऱ्यावर तसं वाटत नसलं तरी.

देवबागचा संगम, कर्ली नदीतली फेरी वगैरे छान झालं. चिपीहून विमान असेल तर डुबकीनंतर निदान बारा तास मध्ये जाऊ द्या.

'पाच खेळ एकत्र' पॅकेज घेऊ नका. बनाना राइडवरून समुद्रात पडून आल्यावर स्कूबात मन लागत नाही. 'व्हिडिओ फुकट' म्हणजे शूटिंग फुकट. पेनड्राइव्हचे तीनशे वेगळे, ते आम्हाला ओल्या अंगाने उभं असताना कळलं. पैसे देण्याआधी तिथेच तो लावून बघा. आमच्यात पहिली सहा मिनिटं कुणा दुसऱ्याच काकांची आहेत.